गच्चीवरच्या बत्तीचा वारस

मी, विनायक रघुनाथ तोडणकर, वय वर्षे सदुसष्ट, सेवानिवृत्त दीपगृह रक्षक, राहणार ए-४०३, नवउदय अपार्टमेंट्स, फरीदाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सौ. अलकनंदा स्वयंपाकघरातून दोनदा येऊन "अहो, अजून किती लिहिणार?" असे विचारून गेली, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉ. कुमुद वाघ यांनी काल माझी नाडी, रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासली. "डोकं ठणठणीत आहे काका, हट्ट तेवढा वाढलाय," असे त्यांचे मत पडले. त्यातल्या पहिल्या भागाचा दाखला त्यांनी लेटरहेडवर दिला असून तो सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. घर आणि बचत यांची विल्हेवाट अर्ध्या पानात लागते, तेवढ्यासाठी मी पेन उचलले नसते. माझी खरी अडचण गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीवरची बत्ती मी सव्वासहा वर्षे रोज संध्याकाळी लावतो आहे. माझ्यामागे ती कोण लावणार हे ठरलेले नाही, आणि ते ठरल्याशिवाय मला मरायला सवड नाही.

कलम १. राहता फ्लॅट, त्यातील भांडीकुंडी, कूलर, इन्व्हर्टर आणि देवघर हे सर्व माझ्या पश्चात सौ. अलकनंदा हिचे. बँकेत आणि पोस्टात जे असेल तेही तिचेच. तिने ते मुलांसाठी राखून ठेवू नये. तिला दार्जिलिंग बघायचे आहे हे ती १९७१ पासून म्हणते आहे. तिने ते बघावे.

कलम २. चिरंजीव चिन्मय याला माझी हत्यारांची पेटी. तो गुडगावात अकराव्या मजल्यावर राहतो आणि नळ गळला तर फोन करून माणूस बोलावतो. पेटीत तीन पाने आहेत, त्यांतला लहान पाना नळासाठी असतो. बत्तीबद्दल मी त्याला सरळ विचारले होते. तो म्हणाला, "बाबा, मी रोज गुडगावहून फरीदाबादला दिवा लावायला येऊ का? टायमर लावून टाकू ना, यार." बापाला यार म्हणण्याची ही दिल्लीची पद्धत मी आता मनावर घेत नाही. टायमरचे मात्र मनावर घेतले आहे. टायमरला धुके पडलेले कळत नाही.

कलम ३. चि. सौ. अपूर्वा हिला पितळी दुर्बीण. तिने लग्न करून पानिपत गाठले तेव्हा आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने तोच एक विनोद केला, आणि प्रत्येकाला तो स्वतःलाच सुचला असे वाटले. जावई चादरी-ब्लँकेटांच्या धंद्यात आहेत, माणूस सोन्यासारखा आहे आणि माझ्याकडे येताना दर वेळी एक ब्लँकेट आणतो. सध्या घरात चौदा ब्लँकेटे आहेत. ती ज्याला हवी त्याने न्यावीत.

कलम ४. साक्षीदारांबाबत. वकिलांनी बजावले आहे की, ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार असेल त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने अगर बायकोने, साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून मी पहिल्या साक्षीदार डॉ. कुमुद वाघ, आणि दुसरे साक्षीदार आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. भाऊसाहेब चौबळ असे योजले आहेत. भाऊसाहेब माझ्या शेजारच्या ए-४०४ मध्ये राहतात. एका मंत्रालयात फायलींवर शेरे लिहिण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली, आणि ती सवय अजून गेलेली नाही. त्यांचे माझे पटत नाही. परंतु माणूस खोटी सही करणार नाही. शिवाय त्यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, याचे आम्हा दोघांनाही समाधान आहे.

कलम ५. आता बत्ती. ती ज्याच्याकडे जाईल त्याला तिची हकीकत माहीत हवी, म्हणून हे कलम लांबले तरी चालेल.

कोकणात वेताळखडप नावाचे एक टोक समुद्रात शिरलेले आहे. पाण्याखाली अर्धा मैल खडक पसरला आहे आणि भरतीला तो दिसत नाही. १८७२ साली मंगलोरी कौले भरून निघालेले एक मोठे गलबत त्यावर फुटले. माणसे वाचली. कौलेही बरीचशी वाचली, आणि आजही गावातल्या निम्म्या घरांवर ती आहेत. सरकारला मात्र जाग आली आणि दोन वर्षांत तिथे दीपगृह उभे राहिले. काळा दगड गावचाच, चुन्यात गूळ घालून बांधकाम केलेले. एकशे बारा पायऱ्या. माझ्या वेळी चौऱ्याऐंशीव्या पायरीवर कायम मुंग्या असायच्या, आणि गुळामुळेच त्या येतात असे मी पाहुण्यांना छातीठोक सांगायचो. खरे-खोटे मुंग्यांना माहीत.

सुरुवातीला तिथे खोबरेल जळायचे, मग रॉकेल आले, आणि मी गेलो त्या वर्षी, म्हणजे १९५८ ला, पंप मारून पेटवायची मेंटलची बत्ती होती. गावात दीपगृह कोणी म्हणत नसे. बत्ती म्हणायचे, आणि आम्हाला बत्तीवाले. भिंग माणसापेक्षा उंच. दीड टन काच पाऱ्याच्या कुंडात तरंगायची आणि एका बोटाने फिरायची. शाळेची मुले बघायला आली की मी प्रत्येकाला एक बोट लावू द्यायचो. एवढी मोठी वस्तू आपल्या बोटाने हलली म्हणून त्यांचे चेहरे जे व्हायचे, त्यासाठी मी एकशे बारा पायऱ्या दिवसातून चार वेळा चढलो असतो. चढतही होतो. भिंग फिरवायला घड्याळासारखे वजन असायचे, त्याला दर पाऊण तासाने किल्ली द्यायची. दोघांनी पाळ्या वाटून घ्यायच्या. आणि नियम असा, की पुढच्याने रजिस्टरात "ताब्यात घेतले" असे लिहून सही केल्याशिवाय आधीच्याने बत्ती सोडून खाली उतरायचे नाही. मग ताप असो, सण असो, की बायको बाळंत होवो. चिन्मय झाला तेव्हा मी वरच होतो. खालून सुईणीने हाक मारून सांगितले.

प्रत्येक दीपगृहाची आपली खूण असते. वेताळखडपची खूण दर दहा सेकंदांनी दोन झोत. एक, दोन, मग काळोख, मग पुन्हा एक, दोन. होडीतला माणूस तेवढे मोजतो आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळते. अलकनंदा लग्न होऊन आली तेव्हा मचव्यातून येताना तिने ते मोजले होते. घाबरले होते म्हणून मोजत बसले, असे ती सांगते. आमच्या दोन्ही मुलांना अंक त्या झोतांवर शिकवले, त्यामुळे अपूर्वा बरेच दिवस दोननंतर गप्प बसायची.

पुढे बढती मिळाली आणि माझी बदली खात्याच्या मुख्य कार्यालयात, दिल्लीला झाली. देशातल्या सगळ्या दीपगृहांचा कारभार समुद्रापासून हजार किलोमीटर दूर बसून चालतो, यात मला आजही मौज वाटते. चौदा वर्षे मी रामकृष्णपुरममध्ये बसून समुद्राचे कागद हलवले. दरम्यान वेताळखडपला वीज आली, मोठे भिंग तिथेच राहिले, पण आवारातल्या खालच्या लहान बत्तीचे भिंग निकामी ठरवून लिलावात काढले. ते मी घेतले. दोन फूट उंच, दोन डोळे असलेले. पावती कपाटात आहे. राजधानी एक्सप्रेसमध्ये ते मांडीवर घेऊन आलो. टी.सी.ने विचारले, "ये क्या है जी?" मी म्हणालो, "म्हातारपणाची सोय."

कलम ६. बत्ती फरीदाबादेत कशी लागली. १९९४ ला आम्ही या सोसायटीत आलो तेव्हा मथुरा रोडच्या स्टॉपपासून इथपर्यंत दोन किलोमीटर मोहरीची शेते, एक वीटभट्टी आणि रस्त्याच्या नावाने खुणेचे खांब. दिवे नाहीत. ए ते एच अशा आठ इमारती, सगळ्या पिवळ्या, सगळ्या एकसारख्या. वीज दिवसातून सहा तास नसायची. एका संध्याकाळी अलकनंदा करोल बागेतून खरेदी करून आली, चौथ्या मजल्यावर चढली, उघड्या दारातून आत जाऊन सोफ्यावर बसली आणि "अहो, पाणी द्या," म्हणाली. एका सरदारजींनी अदबीने पाणी आणून दिले. भिंतीवरचे कॅलेंडर वेगळे आहे हे बघून तिच्या लक्षात आले की आपण एफ इमारतीत आहोत. सरदारजी म्हणाले, "कोई बात नहीं बहनजी, कल हम आपके यहाँ बैठे थे."

त्या दिवाळीनंतर, म्हणजे १९९५ च्या, मी टाकीवर काचेची खोली केली. आत भिंग, मोटारीचा बल्ब, ट्रकची बॅटरी. फिरवायला जुन्या टेबलफॅनची मोटर आणि सायकलची दातेरी चाके. खूण तीच ठेवली, दर दहा सेकंदांनी दोन झोत. सर्वात जवळचे दुसरे दीपगृह फार लांब असल्याने कोणा जहाजाचा घोटाळा होणार नाही, अशी खात्री करून घेतली. नोटीस बोर्डावर "फरीदाबादच्या दर्यावर्दींना सूचना" या मथळ्याची नोटीस लावली. आता सेक्टरात मॉल व्हायचे घाटते आहे, दिवे आले आहेत, तरी रिक्षावाले अजून "अच्छा, बत्तीवाली बिल्डिंग? बैठो," असेच म्हणतात. हे ऐकले की मला जे वाटते ते मी लपवणार नाही. मला फार बरे वाटते.

कलम ७. जुने भांडण. भिंग दिवसा झाकून ठेवावे लागते. रात्री ते आतला उजेड बाहेर फेकते, तसे दिवसा बाहेरचे ऊन आत आणि पलीकडे गोळा करते आणि जाळते. म्हणून दिवस उजाडला की पडदा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना मी तो वीस वर्षे शिकवला. आणि ९ जून १९९६ रोजी, अपूर्वाच्या लग्नाची बोलणी करायला जावयाकडची मंडळी यायची होती त्या गडबडीत, मी स्वतः पडदा घालायला विसरलो. गच्चीच्या दोरीवर भाऊसाहेबांचा नवा पांढरा लेंगा वाळत होता. त्याला रुपयाएवढे गोल भोक पडले, अशा जागी की शिवूनही उपयोग नव्हता.

भाऊसाहेबांनी दोन पानी तक्रार केली. लेंगा "परिशिष्ट अ" म्हणून जोडला. त्यात पुढे असेही होते की बत्तीने किडे येतात, आणि तिचा झोत समोरच्या इमारतीवर आपटून खिडकीतून येऊन त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर दर दहा सेकंदांनी दोनदा पडतो, त्यामुळे झोपेचे खोबरे होते. मी चूक कबूल केली. बत्ती काढणार नाही असेही सांगितले. तेव्हापासून आम्ही जिन्यात भेटलो तर दोघेही जिना बघतो. त्यांची तक्रार फाइलला लागून चालू आहे. योगायोगाने एका मोबाइल कंपनीचा, टाकीवरच्या त्याच जागी टॉवर उभारण्याचा प्रस्तावही त्यांच्याच टेबलावर आहे. दोन वर्षे तो "विचाराधीन" आहे. सरकारी सवय, दुसरे काय.

तक्रारीच्या प्रतीसोबत माझ्याकडे आलेला सदर लेंगा सध्या माझ्या कपाटात आहे, तो त्यांना परत द्यावा. वस्तू त्यांचीच असल्याने ही देणगी होत नाही आणि त्यांच्या साक्षीला बाध येत नाही.

कलम ८. बत्तीचा वारस. नोव्हेंबर २००० मध्ये माझे बायपास झाले. अकरा दिवस मी दिल्लीत इस्पितळात होतो. अलकनंदा माझ्यापाशी, चिन्मय रोज संध्याकाळी तिथेच, घराला कुलूप. बत्तीच्या खोलीची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते. ऑपरेशनपेक्षा मला एकच घोर होता, की बत्ती विझली असणार. बाराव्या दिवशी टॅक्सीने परतताना बदरपूर ओलांडले, दिवेलागणीची वेळ होती. मी डोळे मिटून घेतले होते. अलकनंदा म्हणाली, "अहो, बघा." मी बघितले. दूरवर एक, दोन. मग काळोख. मी तोंडाने मोजले, आठ. पुन्हा एक, दोन. मी टॅक्सीत रडलो. टाके दुखतील म्हणून ती मला थांबवत होती आणि स्वतःही रडत होती.

कोणी लावली, हे आजपर्यंत कळलेले नाही. चिन्मयने नाही, चौकीदाराने नाही. रजिस्टर कोरे होते. काच वर्तमानपत्राने पुसलेली होती, म्हणजे माणूस शिकलेला पण धंद्यातला नव्हे. फाटकाशी दुधाचा बूथ चालवणारे आमचे सुभेदार खंडेराव मोहिते पहाटेच उठतात. ते म्हणाले, "कोण ते दिसलं नाही, पण पडदा मात्र उजाडताच रोज घातलेला असायचा. एक दिवस चुकला नाही." जाताना मी पडद्याचे कोणाला सांगून गेलो नव्हतो. मी नोटीस लावली, गणपतीच्या आरतीनंतर विचारले, कोणी पुढे आले नाही.

तरी मी असे ठरवतो की, भिंग, खोली, बॅटरी, मोटर, रजिस्टर आणि बत्ती लावण्याचा हक्क मी त्या व्यक्तीला देतो, जिने ते अकरा दिवस बत्ती लावली. नाव मला ठाऊक नाही, पण नियम पाळणारे माणूस आहे, तेवढे मला पुरे आहे. माझ्या मृत्यूनंतर तेरा दिवसांत ती व्यक्ती पुढे आली नाही, तर बत्ती कायमची विझवावी, भिंग वेताळखडपला परत पाठवावे आणि टाकी टॉवरवाल्यांना द्यावी. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

कलम ९. अस्थी वेताळखडपच्या समुद्रात सोडाव्यात, भरतीच्या वेळी. ओहोटीला सोडल्यास खडकावर अडकतील आणि आयुष्यभर लोकांना ज्या खडकापासून सांभाळले त्याच्यावरच मी लागेन.

कलम १०. हे कलम आज सह्यांच्या वेळी, सर्वांसमोर वाढवत आहे.

सकाळी दहाला डॉ. कुमुद आल्या. भाऊसाहेब आले, सोबत त्यांच्या पत्नी वीणाताईही आल्या. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे मी भाऊसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "न वाचता सही मी मंत्र्यांसाठीही केली नाही, तोडणकर." चष्मा लावून ते वाचायला बसले. कलम चारपाशी "हं" म्हणाले. कलम सातमध्ये पेन्सिलीने एक स्वल्पविराम घातला. कलम आठ त्यांनी दोनदा वाचले. मग पेनला टोपण लावले, पेन खिशात ठेवले आणि म्हणाले,

"मला सही करता येणार नाही."

"का? पटलं नाही?"

"पटण्याचा प्रश्न नाही. लाभार्थी साक्षीदार होऊ शकत नाही. तुम्हीच लिहिलंय, कलम चार."

मला कळायला वेळ लागला. वीणाताईंना आधी कळले. "म्हणजे ते अकरा दिवस टाकीतलं पाणी बघायला म्हणून जात होतात ते हे होय! मला वाटलं, गुडघे दुखतात आणि हे दोनदा गच्चीवर काय जातात."

मी विचारले, "भाऊसाहेब, सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तक्रारीची फाइल उघडी. तक्रारदारच बत्ती लावतो, हे बरं दिसलं असतं?" ते खिडकीकडे बघून बोलत होते. "साडेचार वर्षं तो झोत भिंतीवर नको म्हणून भांडलो. तुम्हाला नेलं त्या संध्याकाळी भिंत काळीच राहिली. मी मोजत बसलो. दहा झाले, वीस झाले. वीणाला म्हणालो, शेजार गेला. मग उठलो, ऑफिसातून किल्ली घेतली. आणि पडदा? पडदा मी विसरेन होय? माझा लेंगा गेलाय त्यात."

"आणि टॉवरचा प्रस्ताव?"

"विचाराधीन आहे. मी आहे तोवर विचाराधीनच राहील. बिल्कुल."

मी उठून त्यांना मिठी मारली. त्यांना अवघडल्यासारखे झाले, पण त्यांनी सोडवून घेतले नाही. अलकनंदा चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वीणाताई म्हणाल्या, "मग साक्षीदार म्हणून मी करते सही." भाऊसाहेबांनी लगेच कलम चारवर बोट ठेवले, बायकोही चालत नाही. शेवटी खाली जाऊन दुधाच्या बूथवरून खंडेरावांना बोलावून आणले.

म्हणून कलम आठमधील "त्या व्यक्तीला" या जागी श्री. भाऊसाहेब रामचंद्र चौबळ यांना असे वाचावे. तेरा दिवसांची अट आणि पुढचे सर्व रद्द. त्यांना काच पुसायला सांबराचे कातडे द्यावे, वर्तमानपत्र बंद. आज संध्याकाळपासून बत्तीच्या पाळ्या वाटून घेऊ, एक दिवस ते, एक दिवस मी.

वरील सर्व मी शुद्धीत आणि फार आनंदात लिहिले आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

विनायक रघुनाथ तोडणकर

साक्षीदार:
१. डॉ. कुमुद वाघ, ए-२०१
२. सुभेदार (निवृत्त) खंडेराव मोहिते, ए-००२

स्थळ: फरीदाबाद
दिनांक: १७ मार्च २००२, रविवार

साक्षीदार नव्हे, लाभार्थी: भा. रा. चौबळ.
शेरा: वाचले. ताब्यात घेण्यास तयार आहे. घाई नाही.